घरातलं माणूस आणि विम्याचा अर्ज

अमेरिकेत आजारपणाचा खर्च कोण उचलणार, हे बहुतेकांच्या बाबतीत नोकरी ठरवते. पासष्टीच्या आतले पंधरा कोटींहून अधिक लोक तिथे स्वतःच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कंपनीमार्फत मिळणाऱ्या आरोग्य विम्यावर विसंबून असतात. नवरा, बायको आणि मुलं यांची नावं या विम्यात सहज चढतात. पण दोन माणसं वर्षानुवर्षं एका छपराखाली राहत असतील, भाडं आणि किराणा वाटून घेत असतील, एकमेकांची दुखणीखुपणी काढत असतील आणि तरीही त्यांनी लग्न केलेलं नसेल, तर एकाच्या नोकरीचा विमा दुसऱ्याला मिळेल की नाही हे त्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहतं. काही कंपन्या देतात, काही देत नाहीत आणि ज्या देतात त्यांच्याही अटी निरनिराळ्या. गेल्या चार दशकांत अमेरिकेत या प्रश्नाचा बराच अनुभव जमा झाला आहे. तो अनुभव पाहिला की एक गोष्ट पटते: विम्यासाठी माणसाला घरातलं मानायचं की नाही, याची कसोटी लग्नाचा दाखला नसावी, दोघांनी एकमेकांची उचललेली जबाबदारी असावी. भारतात नोकरीतून मिळणारा ग्रुप मेडिक्लेम झपाट्याने वाढत असताना हा विचार आपल्यालाही करावा लागणार आहे.

आधी एक मूलभूत प्रश्न: औषधोपचाराचा संबंध नोकरीशी आलाच कसा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये पगारवाढीवर निर्बंध घातले. कामगारांचा तुटवडा होता, पण पगार वाढवून माणसं ओढता येत नव्हती. विम्यासारख्या सवलती मात्र या निर्बंधांतून वगळलेल्या होत्या, म्हणून कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. पुढे १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही, हे पक्कं केलं. युद्धकाळातली ही तात्पुरती सोय अशी कायमची व्यवस्था होऊन बसली. ज्या काळात ती घडली, त्या काळात घर म्हणजे कमावता नवरा, घर सांभाळणारी बायको आणि मुलं असंच चित्र गृहीत होतं. विम्याच्या अर्जांत, करकायद्यात आणि कंपन्यांच्या नियमावल्यांत तेच चित्र उतरलं. समाजातली घरं बदलत गेली, तरी कागदावरचं घर फारसं बदललं नाही.

या व्यवस्थेत किती पैसा गुंतलेला आहे, ते पाहिलं म्हणजे प्रश्नाचं वजन लक्षात येतं. कैसर फॅमिली फाउंडेशन दरवर्षी कंपन्यांच्या विम्याची पाहणी करते. २०२४ च्या पाहणीनुसार एकट्या कर्मचाऱ्याच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता ८,९५१ डॉलर होता आणि त्यातले १,३६८ डॉलर कर्मचारी स्वतः भरत होता. कुटुंबाचा हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा ६,२९६ डॉलर. म्हणजे कंपनी एकट्या माणसामागे सरासरी साडेसात हजार डॉलर घालते आणि कुटुंब असलेल्यामागे एकोणीस हजारांहून अधिक. शेजारशेजारच्या टेबलांवर तेच काम करणाऱ्या दोघांच्या मोबदल्यात सुमारे अकरा हजार सातशे डॉलरचा फरक पडू शकतो. यात मुलांचा खर्चही येतो, त्यामुळे हा सगळा फरक विवाहाचा म्हणता येणार नाही. पण विमा ही मालकाची मेहेरबानी नसून कामाच्या मोबदल्याचाच एक भाग आहे, एवढं या आकड्यांवरून स्पष्ट होतं. मग समान कामाला समान मोबदला हे तत्त्व इथे लावायचं की नाही, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न पहिल्यांदा उचलला तो समलिंगी कर्मचाऱ्यांनी, कारण त्यांना लग्नाचा पर्यायच नव्हता. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने १९८२ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात अविवाहित जोडीदारांना सवलती दिल्या. अमेरिकेत हे पाऊल उचलणारी ही पहिली संस्था मानली जाते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने तसा ठराव केला, पण महापौर डायन फाइनस्टाइन यांनी तो नाकारला. कॅलिफोर्नियातल्याच बर्कली शहराने १९८४ च्या अखेरीस आपल्या नोकरांसाठी असं धोरण मंजूर केलं आणि ते समलिंगी व भिन्नलिंगी अशा दोन्ही जोडप्यांना खुलं ठेवलं. १९९१ मध्ये ‘लोटस’ या सॉफ्टवेअर कंपनीने आणि १९९२ मध्ये ‘लिव्हाय स्ट्रॉस’ने हा मार्ग धरला. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आणखी पुढे जाऊन कायदा केला की शहराचं कंत्राट हवं असेल तर विवाहितांना देता त्याच सवलती नोंदणीकृत जोडीदारांनाही द्याव्या लागतील. २००० साली जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी समलिंगी जोडीदारांना विमा जाहीर केला, तेव्हा हा विषय शहरी, उदारमतवादी वर्तुळाबाहेर पडून कारखान्यांच्या गावांपर्यंत पोचला.

प्रत्यक्षात हा विमा मिळतो कसा, हेही समजून घेण्यासारखं आहे. कंपनीचा एचआर विभाग दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतो. दोघेही अठरा वर्षांवरचे आहेत, दोघांपैकी कुणाचंही दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं नाही, दोघांत रक्ताचं जवळचं नातं नाही, दोघे ठरावीक काळ, बहुधा सहा महिने किंवा एक वर्ष, एकत्र राहत आहेत आणि एकमेकांच्या चरितार्थाची जबाबदारी दोघांनी घेतली आहे, असं त्यात लिहून द्यावं लागतं. पुरावा म्हणून दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा गृहकर्ज, संयुक्त बँक खातं, आयुर्विम्यात किंवा निवृत्तिनिधीत एकमेकांचं नामनिर्देशन असे कागद मागितले जातात. काही राज्यांत आणि शहरांत अशा जोडप्यांची सरकारी नोंदणीही होते. नाव घालण्याची संधी वर्षातून एकदा, नोंदणीच्या ठरावीक काळात मिळते. जोडीदाराची नोकरी जाऊन त्याचा आधीचा विमा बंद पडला तर मध्येच नाव घालता येतं, पण त्यासाठी मुदत सहसा तीस दिवसांचीच असते. नातं संपलं तर तसं लेखी कळवावं लागतं आणि नव्या जोडीदाराचं नाव घालण्याआधी अनेक कंपन्या काही महिने थांबायला लावतात.

नाव चढलं म्हणजे सगळं समान झालं, असं मात्र नाही. विवाहित जोडीदाराच्या विम्यासाठी कंपनी जो हप्ता भरते त्यावर कर लागत नाही. अविवाहित जोडीदाराच्या बाबतीत केंद्रीय करकायदा तोच हप्ता कर्मचाऱ्याचं उत्पन्न समजतो. समजा, जोडीदारासाठी कंपनी वर्षाला सहा हजार डॉलर भरते. हे पैसे कर्मचाऱ्याच्या हातात कधी येत नाहीत, तरी ते त्याच्या पगारात धरले जातात. तो बावीस टक्क्यांच्या करटप्प्यात असेल, तर आयकर आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांची ७.६५ टक्के कपात मिळून त्याला वर्षाला सुमारे १,७८० डॉलर जास्तीचे भरावे लागतात. शिवाय जोडीदारासाठी त्याने स्वतः भरायचा हिस्साही कर कापून उरलेल्या पगारातून जातो. यातून सुटका एकाच परिस्थितीत होते: जोडीदार वर्षभर त्याच घरात राहत असेल आणि त्याचा निम्म्याहून अधिक खर्च कर्मचारीच उचलत असेल, तर करकायदा त्याला अवलंबित मानतो. दोघेही कमावते असतील तर ही सूट सहसा मिळत नाही. पहिल्या पगारपत्रकात कपात वाढलेली दिसते तेव्हाच अनेकांना हा नियम कळतो, म्हणून नाव घालण्याआधीच एचआरकडून हा आकडा मागून घेणं शहाणपणाचं.

कराखेरीज आणखी दोन ठिकाणी ही असमानता बोचते, आणि दोन्ही ठिकाणी माणूस आधीच अडचणीत असतो. नोकरी गेली, घटस्फोट झाला किंवा कर्मचारी वारला, तर ‘कोब्रा’ या केंद्रीय कायद्याखाली नवऱ्याला किंवा बायकोला पूर्ण हप्ता स्वतः भरून काही काळ तोच विमा चालू ठेवण्याचा हक्क आहे. अविवाहित जोडीदाराला असा स्वतंत्र हक्क कायद्याने दिलेला नाही; कंपनीने आपणहून दिला तरच. दुसरी अडचण पासष्टीनंतरची. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या चालू नोकरीचा विमा असेल तर मेडिकेअरच्या ‘भाग बी’मध्ये उशिरा नाव नोंदवलं तरी दंड लागत नाही. वयाने पात्र झालेल्या अविवाहित जोडीदाराला ही मुभा नाही. जोडीदाराच्या कंपनीचा विमा आहे म्हणून तो निर्धास्त राहिला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड त्याच्या मासिक हप्त्याला कायमचा चिकटतो. एका बाबतीत मात्र नियम त्याच्या बाजूचा आहे. सरकारी विमा बाजारात मिळणारी हप्त्याची सवलत केवळ जोडीदाराच्या कंपनीने विमा देऊ केला म्हणून जात नाही. तो प्रत्यक्ष घेतला तरच जाते. त्यामुळे दोन्ही पर्यायांचा हिशेब मांडून मगच निर्णय घ्यावा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढी अडचण आहे तर लग्न का करत नाहीत? २०१५ च्या जून महिन्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गफेल खटल्यात समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिल्यावर काही मालकांनी नेमकं हेच म्हटलं आणि अविवाहित जोडीदारांच्या सवलती बंद केल्या. वरवर पाहता यात तर्क दिसतो. पण लग्न न करण्यामागची कारणं फक्त कायदेबंदीची नसतात. अमेरिकेत विधवेने किंवा विधुराने साठीच्या आत पुनर्विवाह केला, तर गेलेल्या जोडीदाराच्या नावावरची सोशल सिक्युरिटीची रक्कम, तो विवाह टिकेपर्यंत तरी, सहसा मिळत नाही. कॅलिफोर्नियाने २००० साली जोडीदारांची राज्यपातळीवर नोंदणी सुरू केली, तेव्हा समलिंगी जोडप्यांबरोबर बासष्टीपुढच्या भिन्नलिंगी जोडप्यांनाही तिच्यात जागा दिली, ती उतारवयातल्या माणसांच्या याच अडचणी ओळखून. २०२० पासून ती नोंदणी सर्व प्रौढ जोडप्यांना खुली झाली. शिवाय कुणाचा घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षं रेंगाळलेला असतो, कुणावर असं कर्ज असतं की लग्न केल्यास त्याचा भार दुसऱ्यावर येईल. आणि यातलं काहीच नसलं, तरी आयुष्यभराचा निर्णय डायलिसिसच्या बिलाकडे बघून घ्यावा लागणं हे लग्नसंस्थेचाही मान राखणारं नाही. केवळ विम्यासाठी घाईने केलेलं लग्न कुणाच्याच हिताचं नसतं.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि फसवणुकीचा. लग्नाची अट काढली तर कुणीही आजारी मित्राला जोडीदार म्हणून दाखवील आणि कंपनीचा खर्च भरमसाट वाढेल, ही भीती सुरुवातीपासून व्यक्त होत आली. ऐंशीच्या दशकात एड्सची साथ असल्यामुळे ती आणखी तीव्र होती. पहिल्या काही शहरांकडे विमा कंपन्यांनी जादा अधिभार मागितला. वेस्ट हॉलिवुड या नव्या शहराला विमा उतरवणारी कंपनीच मिळेना, तेव्हा शहराने स्वतःच्या निधीतून खर्च भागवायचं ठरवलं. प्रत्यक्ष अनुभव मात्र वेगळा आला आणि जादा अधिभाराची गरज उरली नाही. यामागची कारणं साधी आहेत. बहुतेक जोडीदारांना स्वतःची नोकरी आणि स्वतःचा विमा असतो, म्हणून नाव घालणाऱ्यांची संख्याच थोडी राहते. जोडीदाराच्या हप्त्यावर कर लागत असल्याने गरज नसलेला माणूस त्या वाटेला जात नाही. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचं उघड झालं तर विमा रद्द होतो, झालेला खर्च परत करावा लागतो आणि नोकरीही जाऊ शकते. एका सहीपायी एवढी जोखीम घेणारे फार निघत नाहीत. खरं तर घर, खातं आणि वारस एक असल्याचे कागद अविवाहितांकडून मागितले जातात. नवरा-बायकोला विवाहाचा दाखला पुरतो. त्यामुळे इथली चाळणी अधिक बारीक आहे, असंच म्हणावं लागेल.

तिसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे आणि त्याला तितक्याच गांभीर्याने उत्तर दिलं पाहिजे. लग्नामुळे मिळणारे लाभ लग्नाशिवाय दिले तर लग्नसंस्था खिळखिळी होईल, असं अनेकांना वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कायद्यावर तिथल्या कॅथलिक चर्चने हीच हरकत घेतली होती, कारण चर्चच्या सेवासंस्था शहराच्या कंत्राटांवर चालत होत्या. १९९७ मध्ये आर्चबिशप विल्यम लेवाडा यांनी जो तोडगा काढला तो आजही विचार करायला लावणारा आहे. चर्चच्या संस्थेतला कर्मचारी आपल्या घरात राहणाऱ्या कोणत्याही एका प्रौढ व्यक्तीचं नाव सवलतींसाठी देऊ शकेल, असं त्यांनी मान्य केलं. ती व्यक्ती नवरा किंवा बायको असेल, म्हातारी आई असेल, अविवाहित बहीण असेल किंवा जोडीदार असेल. संस्थेने नात्याची चौकशी करायची नाही. लग्नाबद्दलची आपली श्रद्धा जराही न सोडता एका धर्मसंस्थेला हे करता आलं, याचा अर्थ विमा देणं आणि नात्याला संस्कार म्हणून मान्यता देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाने वारसाहक्क, पोटगी, मुलांविषयीचे हक्क असं बरंच काही येतं. विम्याच्या कार्डाने त्यातलं काहीच येत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात वेळेवर जाता येतं, एवढंच.

चौथा आक्षेप डावीकडून येतो, आणि तो मला सर्वांत सबळ वाटतो. माणसाचे उपचार कुणाच्याही नोकरीवर अवलंबून असूच नयेत, मग ती स्वतःची असो की जोडीदाराची. कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये डॉक्टरांकडे जाताना किंवा रुग्णालयात दाखल होताना आपलं लग्न झालं आहे का आणि कुणाशी, हा प्रश्न येत नाही, कारण तिथे हे उपचार रहिवाशाचा हक्क म्हणून मिळतात. विम्याचं नोकरीशी बांधलेलं दावं सुटलं तर जोडीदाराच्या व्याख्येचा वाद आपोआपच निकाली निघेल, हे खरं आहे. पण ती सुधारणा होईपर्यंत आजची अन्यायकारक व्यवस्था तशीच चालू द्यावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अमेरिकेत १९४२ पासून रुजलेली व्यवस्था एका कायद्याने उखडली गेलेली नाही. २०१० च्या परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्यानेही नोकरीचा आधार तसाच ठेवला. त्या कायद्याखाली मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना विमा देऊ करणं भाग आहे, पण जोडीदाराबद्दल, विवाहित जोडीदाराबद्दलसुद्धा, सक्ती नाही. कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेली ही जागा मोठी आहे आणि तिथे आजच न्याय करता येतो.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. एच-१बी व्हिसावर अमेरिकेत काम करणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे अनेक तरुण-तरुणी आहेत. तिथली कंपनी अविवाहित जोडीदाराला विमा देत असली, तरी सोबत जाणाऱ्या कुटुंबीयांसाठीचा एच-४ व्हिसा फक्त नवऱ्याला, बायकोला आणि एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना मिळतो. अविवाहित जोडीदाराला सहसा पर्यटनासाठीच्या बी-२ व्हिसावर जावं लागतं. जायच्या आधी हे ठाऊक असायला हवं. आणि प्रश्न परदेशी जाणाऱ्यांपुरता नाहीच. भारतातही आरोग्य विम्याचा मोठा वाटा आता कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेमचा आहे आणि त्यातल्या कुटुंबाची ठरलेली व्याख्या म्हणजे कर्मचारी, पती किंवा पत्नी, मुलं आणि काही ठिकाणी आई-वडील. कर्मचारी राज्य विमा योजनाही याच धर्तीची आहे. प्राप्तिकर कायद्यात विम्याच्या वजावटीसाठी ‘कुटुंब’ म्हणजे पती-पत्नी आणि अवलंबित मुलं. आई-वडिलांसाठी वेगळी तरतूद आहे, अविवाहित जोडीदाराला मात्र कुठेच जागा नाही. कंपनीने भरलेल्या हप्त्याच्या करमाफीसाठीही कुटुंबाची जी व्याख्या लागू होते, तिच्यात भाऊ-बहीण आहेत पण अविवाहित जोडीदार नाही.

तरीही भारतात पाया घालायला काहीच नाही, असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यात राहणाऱ्या स्त्रीला संरक्षण दिलं. २०१३ च्या इंद्रा सर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं नातं कसं ओळखायचं याचे निकष नोंदवले: सहवासाचा काळ, एकत्र घर, पैशांची एकत्रित व्यवस्था, घरकामाची वाटणी, समाजात दोघांचं एकत्र वावरणं, दोघांचा हेतू. अमेरिकी कंपन्यांच्या प्रतिज्ञापत्रांत मागितल्या जातात त्या बहुतेक गोष्टी यात आहेत. म्हणजे नातं सिद्ध कसं करायचं, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. २०२२ च्या दीपिका सिंग खटल्यात, विषय प्रसूतिरजेचा असला तरी, अविवाहित आणि समलिंगी नात्यांतली घरंही कुटुंबच आहेत आणि त्यांनाही कायद्याचं संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रियो खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली गेली, पण अशा जोडप्यांचे हक्क तपासण्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं सरकारने मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणताही अटकाव नाही. ‘लग्न करा’ हे उत्तर भारतातल्या समलिंगी जोडप्यांना देताच येत नाही, त्यामुळे इथे विम्याची अट बदलणं अधिक निकडीचं आहे.

मुंबईत मुख्यालय असलेल्या दोन संस्थांनी हा मार्ग आधीच दाखवला आहे. टाटा स्टीलने २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांना जोडीदाराची नोंद करून कंपनीच्या सवलती घेण्याची मुभा दिली. ॲक्सिस बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की कर्मचारी मेडिक्लेमसाठी जोडीदाराचं नाव देऊ शकतील, मग त्यांचं लिंग किंवा वैवाहिक स्थिती काहीही असो. पण नियम करताना भारतातली एक अडचण विसरून चालणार नाही. इथे लिव्ह-इन किंवा समलिंगी नातं उघड झालं तर घर भाड्याने मिळणं मुश्कील होतं, माहेरचं दार बंद होतं, क्वचित जिवावरही बेततं. उत्तराखंडने २०२५ पासून लिव्ह-इन नात्याची नोंदणी सक्तीची केली आणि न करणाऱ्यांना शिक्षा ठेवली. अशा सक्तीतून पाळत येते, आणि पाळतीच्या भीतीने माणसं संरक्षणापासूनही दूर राहतात. विम्यासाठीची नोंद ऐच्छिक हवी, ती एचआरमधल्या मोजक्या माणसांपुरती हवी आणि कार्ड किंवा क्लेमची पत्रं कुठे पाठवायची हे कर्मचाऱ्याने सांगितल्याप्रमाणेच ठरायला हवं.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. कंपन्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीशी बोलून ‘पती किंवा पत्नी’ यापुढे ‘जाहीर केलेला जोडीदार’ एवढी भर करारात घालावी आणि नोकरी सुटल्यास किंवा कर्मचारी वारल्यास जोडीदाराला काही काळ विमा चालू ठेवता येईल अशी सोय त्यातच करावी. संसदेने करकायद्यातली कुटुंबाची व्याख्या विस्तारावी, म्हणजे अमेरिकेतल्या जोडप्यांना सोसावा लागतो तो जादा कर इथे सोसावा लागणार नाही. कामगार संघटनांनी हा विषय आपल्या मागणीपत्रात घ्यावा. अमेरिकेत त्याची सुरुवात एका संघटनेच्या करारातूनच झाली होती. आणि जे वाचक विवाहाविना जोडीदारासोबत राहत आहेत त्यांनी आजारपण येण्याची वाट न पाहता आपल्या पॉलिसीतली कुटुंबाची व्याख्या वाचावी, भाडेकरार आणि बँक खातं दोघांच्या नावावर करावं, एकमेकांना नॉमिनी करावं आणि एचआरकडे लेखी विचारणा करावी. जे विवाहित आहेत त्यांनी आपल्या सहकाऱ्याच्या या मागणीला पाठिंबा द्यावा. त्याने त्यांच्या विम्यातलं काहीही कमी होत नाही.